गावंडे बाईंचा मंगळ

गावंडे बाई जेवताना ताटातलं काही जागेवर राहू देत नसत. लिंबू म्हणजे पृथ्वी, बोर म्हणजे मंगळ. "चंद्र दोन हायेत त्याले, पन दाखवाले रव्याचा कणही मोठा पडते." दर्यापुरात जन्मभर भूगोल शिकवलेली ही आमची शेजारीण. त्यांच्याकडे जेवायला बसलं की आधी सूर्यमाला आवरावी लागे.

माझ्या पत्रिकेत मंगळ. त्यापायी दोन स्थळं गेली. तिसरं अकोल्याचं, जठारपेठेतलं. बाबांनी जन्मवेळ सरकवून नवी पत्रिका करून आणली. मला ते ठाऊक होतं. बाईंजवळ तेवढं बोलून गेले, बाकी कुणाला सांगितलं नाही, कारण मुलगा मला मनापासून आवडला होता.

पाहायच्या कार्यक्रमात पोहे झाले आणि मुलाच्या वडिलांनी पत्रिका मागितली. बाबांचा हात खिशाकडे गेला, तोच शेजारच्या म्हणून येऊन बसलेल्या बाई म्हणाल्या, "थांबा भाऊ. खोटा कागद हाये तो. पोरीले मंगळ हाये."

बाबांचं तोंड पाहण्यासारखं झालं. बाईंनी आईकडून लिंबू मागवलं, बटव्यातलं बोर काढून शेजारी ठेवलं. "हे आपन, हा मंगळ. आपल्या निम्मा. लाल दिसते तो जंग चढल्यानं, रागानं नाई. हवा नावाले, थंडी मरनाची. सूर्याले एक चक्कर मारता मारता आपली दोन वर्षं होत येतात. जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटर दूर. तो साला तुमच्या पोराच्या मांगं काहून लागंल?"

मुलगा खुदकन हसला. त्याचे वडील हसले नाहीत. पाहुणे चहा न घेताच उठले आणि चार दिवसांनी नकार आला.

मी तणतणत बाईंकडे गेले. "तुमी माह्यं लग्न मोडलं!"

"मोडलं," त्या बोरं निवडत म्हणाल्या. "उद्या त्या घरी कोनाले ताप आला असता, अन् हे खोटं उघडं पडलं असतं, तं पांढऱ्या पायाची तूच ठरली असती."

मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग पहिल्यांदाच स्वतःचं सांगितलं.

बाई गेल्या त्याला वर्ष झालं. पुढच्या मुलाला मी पहिल्याच फोनवर मंगळ सांगून टाकला. आज तो माझा नवरा आहे. पण बाईंचं त्या दिवशीचं बोलणं मला अजून विसरता येत नाही.

"मलेई मंगळ होता, पोरी. तीन स्थळं मोडली, मंग बापानं पाहनंच सोडलं. कॉलेजात दुर्बीण आली तवा म्हटलं, पाहू तं खरं, कोन हाये हा. पाहिला, तं एवढासा ठिपका. त्याच्यावरचा राग तवाच गेला. बापावरचा काई गेला नाई."