खंडेनवमीचा सेटअप

समताचा स्वभाव असा, की मेथीची एक जुडी घ्यायची तरी चार जुड्या उलटून बघेल. अशा मुलीवर मालक नागेंद्रने सॉफ्टवेअरचे सेटअप बनवणारं साधन निवडायचं काम टाकलं, म्हणजे तिची झोप उडणारच होती.

खडेबाजारजवळच्या त्यांच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर लेथवर लोखंडी पार्ट कातणाऱ्या कारखान्यांत चालायचं. कुठल्या गिऱ्हाइकाचा कुठला पार्ट किती मापाचा, याची वर्षानुवर्षांची नोंद त्यात. कुणाकडे विंडोज, कुणाकडे फुकटचं लिनक्स, एका निर्यातवाल्याकडे मॅक. आजवर तिन्हींचे सेटअप वेगवेगळे बनायचे आणि तीनदा डोकं खायचे. आता एकाच साधनाने तिन्ही बनवायचे होते. एक साधन फुकट होतं, पण त्याला प्रत्येक बारीकसारीक गोष्ट हाताने लिहून द्यावी लागे. दुसरं साधन सगळं आपोआप करायचं. महिनाभर घोळ घालून समताने दुसरं निवडलं. निवड तुझी, जबाबदारीही तुझी, असं नागेंद्र हसत म्हणाला. ते हसणं तिला मुळीच आवडलं नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बारा कारखान्यांना नव्या सेटअपची लिंक गेली. सकाळी खोलीवर चहा घेता घेता तिने आपल्या लॅपटॉपवर जुन्या सॉफ्टवेअरवरच नवा सेटअप चालवून पाहिला. ऑफिसात तिने दर वेळी कोऱ्या कॉम्प्युटरवर तपासलं होतं. इथे नव्या सेटअपने आधी जुना फोल्डर पुसला आणि मग स्वतःला बसवलं. मापांची फाईल त्याच फोल्डरात होती. बाराही कारखान्यांत ती तिथेच होती, कारण शोधायला बरं पडतं म्हणून समतानेच तिथे ठेवायला शिकवलं होतं. दुसरी प्रत ठेवणारा त्यांच्यात एकही नव्हता.

तिने लिंक बंद केली, पण ज्यांनी सेटअप आधीच उतरवून घेतला असेल त्यांचं काय? मच्छे गावच्या कारखानदार भरमूआप्पांना फोन लावला. तीनदा वाजून वाजून थांबला. चौथ्यांदा त्यांनी उचलला.

“आप्पा, नवा सेटअप लावलासा काय?”

“आज कोण हात लावतंय गं? खंडेनवमी न्हवं? कॉम्प्युटरला हार घालून बसवलाय.”

समताला रडूच फुटायचं बाकी होतं. ज्या पूजेशी तिच्या घराचा काडीचा संबंध नव्हता, तिचे तिने मनोमन आभार मानले. पुढच्या दहा जणांनीही तेच सांगितलं. यादीत अकरा खुणा झाल्या.

बारावं नाव निपाणीचं, तिच्या वडिलांचं, भीमरत्नांचं. विड्या वळणाऱ्या आईच्या या मुलाने स्वतःचं लेथ उभं केलं होतं. त्यांच्याकडे खंडेनवमी पाळत नसत. कारखाना नेहमीसारखा आठला उघडला असणार, हे समताला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो फोन तिने भीतीने शेवटी ठेवला होता.

त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

“लावलं की. आल्या आल्या तेच केलं. म्हटलं, पोरीनं बनवलंय, आपल्या आधी कुणी लावायला नको.”

तिने अडखळत सगळं सांगितलं. नऊ वर्षांची मापं गेली असतील, चूक माझी आहे, असंही सांगितलं. पलीकडे फिरणारं लेथ बंद झालं. माऊसची टिकटिक सुरू झाली; ते फाईल शोधत होते. समता फोन कानाला धरून रडत होती.

“न्हाय गं, एकबी माप न्हाय हितं,” ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, “दुसऱ्यांचं तरी वाचलं न्हवं? आता नीट कर. आन् नीट झालं की पयलं हितंच लाव.”