एक नंबरच्या पाहुण्याची गादी

माझ्या साखरपुड्याच्या पाहुण्यांची यादी मी वेबअसेम्ब्ली नावाच्या संगणकी भाषेत लिहिली. हात शिवशिवत होते, दुसरं काय! घर अकोल्याच्या जठारपेठेत, नोकरी घरबसल्या प्रोग्रॅमिंगची, आणि होणारं सासर अमरावतीचं. सासूबाईंनी फोनवरच बजावलं होतं, "आमची यादी तुमच्यात मिसळू नको बरं. आमच्या लोकायचे रुसवे आमालेच मालूम."

दोन्हीकडच्या आयांनी प्रत्येक पाहुण्यापुढे त्याची खोड लिहून दिली होती. कोणाला आल्याआल्या चहा, कोणाला पंख्याखालचीच खुर्ची. म्हणून मी एकाच मॉड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच तुकड्यात, माहिती साठवायच्या दोन मेमऱ्या ठेवल्या, पहिली अकोल्याची, दुसरी अमरावतीची. आमच्या घरी आईचा आणि काकूचा मसाल्याचा डबा एकसारखा आहे. तिसऱ्या वाटीत एकीकडे हळद, दुसरीकडे जिरं, त्यामुळे नुसतं 'तिसरी वाटी' म्हटलं की घोटाळा. मेमरीतल्या पत्त्याचंही तेच, नंबर एक दोन्हीकडे असतो. कुठल्या मेमरीतला पत्ता, हे बाहेरून वाचणाऱ्या जावास्क्रिप्टच्या कोडनेच ठरवायचं असतं. मी शहाणीने वाचणारं फंक्शन एकच लिहिलं आणि ते पहिल्या, अकोल्याच्या मेमरीला बांधून मोकळी झाले. घरी तपासलं, तेही आमच्याच पाहुण्यांवर.

हॉलच्या दारात आत्या टॅब घेऊन बसली. पत्रिकेवरचं गाव आणि नंबर टाकायचा, खोड गुपचूप वाचायची, तशी सरबराई करायची. पण आत्याने जन्मभर शाळेत शिकवलं. तिला मनातल्या मनात वाचताच येत नाही.

सगळ्यांत आधी होणारे सासरे आले. अमरावती, नंबर एक. त्यांच्यापुढे खरं तर 'पहिला मान यांचा' असं लिहिलेलं होतं. आत्याने खणखणीत वाचलं, "जेवण झालं की घोरतात. मागच्या खोलीत गादी टाकणे. चारचौघांत दिसू देऊ नये."

ही खोड माझ्या बाबांची होती. अकोला, नंबर एक.

आता हे रुसणार, साखरपुडा मोडणार, आणि तोही माझ्या एका ओळीपायी! सासऱ्यांनी टोपी सारखी केली आणि ते सासूबाईंकडे वळले.

"तूनं सांगतलं काय यायले?"

"नाई जी, देवाशप्पथ!"

"मंग या मशीनले कसं समजलं?" त्यांनी टॅबकडे जरा आदराने पाहिलं. "जाऊ द्या. गादी कोठी हाये?"

अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. मागच्या खोलीत एकाच गादीवर दोन्ही व्याही आडवे झाले आणि घोरण्याची जुगलबंदी रंगली. दाराशी माझी आई आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लग्नाले एकच यादी कर वो. कायले दोन ठेवतं?"

आणि मी मूर्ख, जिलबी सोडून कोपऱ्यात बसून, दुसरी मेमरी नीट वाचणारी ओळ नुकतीच लिहून उठले होते.