पाण्यातले देव

शेजारच्या काकांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मालतीकाकूंनी देव पाण्यात ठेवले. माणूस बरा होऊन घरी येईपर्यंत देवांनी तांब्याच्या तपेल्यात बुडून बसायचं, हा आपला जुना दमदाटीचा रिवाज. काका काही आले नाहीत.

सुतक फिटलं त्या सकाळी मी सांत्वनाची चार वाक्यं घोकून गेलो, तर काकू तपेलं घेऊन अंगणात निघालेल्या! मला वाटलं, आता देव थेट विहिरीत!

पण काकू पायरीवर बसल्या, बाळकृष्ण बाहेर काढला आणि काकांच्या मऊ धोतरानं त्याची पाठ पुसू लागल्या. मी घोकलेलं सगळं विसरलो आणि भलतंच बोलून बसलो, "अहो काकू, त्यानं तर तुमचं ऐकलं नाही!"

"नाहीच ऐकलं मेल्यानं." डोळे वाहत होते, पण हात थांबत नव्हता. "पण मी बुडत होते तेवढे दिवस हाही बुडूनच बसला होता ना रे. उठून गेला नाही. आता पुढचं सगळं एकटीनं काढायचं, तर ह्याला कशी सोडू?"

मागितलेलं मिळालं की विश्वास बसतो, अशी माझी आजवरची समजूत. मी पायरीपाशी सरकून तपेल्यात वाकून बघू लागलो.

"बघतोस काय नुसता? तो गणपती घे. सोंडेपाशी पाणी राहतं, नीट पूस."