पहिला कुठून मोजायचा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. वय झालं, दात गेले, राग काही गेला नाही. आजही एखाद्या गॅरेजात पोरं गाडी उघडून बसलेली दिसली आणि त्यांतलं एखादं "काका, जरा बाजूला व्हा" म्हणालं, की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. अरे, तुमचे बाप रांगत होते तेव्हा हिंगोलीत डिझेलच्या लॉरीचं पोट उघडून परत मिटवणारी दोनच माणसं होती. एक आमचे उस्ताद आणि दुसरा मी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतो बढाई म्हणूनच, पण खरं आहे.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. फौजेनं विकायला काढलेल्या गाड्यांतली एक लॉरी आमच्या जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, शेठनं आणली. तोवर आमच्याकडं फिरणाऱ्या मोटारी पेट्रोलच्या, ही डिझेलची. कुरुंद्याकडून, वसमतकडून कापूस आणायचा, रुईच्या गाठी स्टेशनावर टाकायच्या. दिवसभर तिला उसंत नसे. तिची सगळी देखभाल उस्तादांकडं. त्यांचं पत्र्याचं शेड जिनच्याच आवारात, शेठच्या जागेवर होतं. मी लोहाराचा, नदीपलीकडच्या वऱ्हाडातून आलेला, मराठी चौथी शिकलेला. उस्ताद निजामाच्या उर्दू शाळेत दोन-चार वर्षं बसलेले. सहा वर्षं मी त्यांच्यासोबत काम करत होतो. चाचीच्या, म्हणजे उस्तादांच्या बायकोच्या, हातची भाकर खाल्ली होती, आणि माझ्या लग्नात उस्ताद माझ्या बापाशेजारी मांडीला मांडी लावून बसले होते.

त्या वर्षी एक गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती: उस्तादांना, चाचीला आणि मला. उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर कोण आलं ते आवाजावरून ओळखायचे. नटबोल्ट बोटांनी चाचपून काढायचे, आणि तेही डोळसांच्या आधी. पण बारीक खूण, रेघ, आकडा दिसत नसे. तो मी बघायचो आणि हळूच सांगायचो. हे बाहेर फुटलं असतं तर शेठनं आंधळ्या मिस्त्रीला एक दिवस ठेवलं नसतं. शेड गेलं असतं, नाव गेलं असतं. म्हणून आम्ही तोंडाला कुलूप लावून होतो.

ऐन हंगामात लॉरीच्या डिझेल पंपाचा जोड तुटला. इंजिन ज्या तुकड्यानं पंपाला फिरवतं तोच तुकडा. तसला जोड हिंगोलीत कुठून मिळणार? मी भट्टी पेटवली आणि घडवला. दोन दिवस घासून घासून बसवला. उस्तादांनी त्यावरून बोट फिरवलं आणि नुसतं "वा" म्हणाले. त्या एका 'वा'वर मी चार दिवस उपाशी राहिलो असतो. मग पंप बांधला, झाकणं लावली, आणि चौथ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरनं सेल्फ मारला.

घर्र घर्र घर्र. इंजिन फिरतंय, खोकतंय, पांढरा धूर फेकतंय, पण धरायचं नाव नाही.

उस्ताद म्हणाले, "हवा धरली असंल. काढ." डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला की डिझेल पुढं सरकत नाही, म्हणून नट ढिले करून हवा जाऊ द्यावी लागते. काढली. टाकी बघितली, भरलेली. गाळणी धुतली. इंजिनाच्या तोंडाशी नळी सोडून बघितली तर डिझेल चुळ भरल्यासारखं उडत होतं. मग रडतंय काहून? पुन्हा सेल्फ मारला. दुपारपर्यंत बॅटरी बसली आणि आवारात बघे जमले. आमच्याकडं बघ्यांना निमंत्रण लागत नाही. कापसाच्या गाडीवरचा एक म्हातारा म्हणाला, "निंबू-मिरची बांधा, नजर लागली." दुसरा म्हणाला, "लोहारानं नांगर करावा बाप्पा, इंजिन काहून करावं?" मी पाना घेऊन त्याच्यावर धावलो होतो, उस्तादांनी सदरा धरून मागं ओढलं.

तेवढ्यात शेठ आले. गाठी पडून होत्या, स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी उभ्या होत्या. ते ओरडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, बैल लावतो. स्टेशनावर नेऊन वाघिणीत चढवतो, सिकंदराबादला जाऊ दे. तिकडचा माणूस करंल. आन् मग तुमच्या शेडचं बी काय ते बघू."

उस्तादांचा चेहरा उतरला. मी बघितला तो. लॉरी बैलांच्या मागं बाजारातून जाणार आणि सारा गाव म्हणणार, म्हाताऱ्याच्या हातातली कला गेली.

तीन बैलजोड्या आल्या. दोर बांधू लागले. उस्ताद मात्र लॉरीपासून हलले नाहीत. ड्रायव्हरला म्हणाले, "एकदा, सिर्फ एकदा फिरव." बॅटरीत होता नव्हता तेवढा जीव गोळा करून इंजिन दोन फेरे फिरलं. इंजिन जिथून हवा आत ओढतं तिथं उस्तादांनी तळहात धरला होता. आत ओढायच्या जागी धूर बाहेर आला, तळहात काळा झाला. "उलटं फेकून राहिलंय," ते पुटपुटले. मग मला विचारलं, "पंप बांधताना पयला कोन्ता धरला?"

मी चिडलोच. "बराबर धरलाय, उस्ताद! तुमीच विचारलं, पयल्याचं दोन्ही वाल मिटलं का. मी बघून सांगितलं, मिटलं."

"कोन्ता? ठोक त्याच्यावर."

मी पान्यानं ठोकलं. टण्ण.

उस्तादांनी मान तिकडं वळवली. "इथून?" म्हणाले. "ड्रायव्हरच्या पायाकडून?"

इंजिनात चार सिलिंडर एका ओळीत. पहिल्याच्या दोन्ही झडपा, म्हणजे वाल, मिटल्या की त्यात डिझेल पडावं, अशी वेळ साधून पंप बांधायचा. पहिला कोणता? रेडिएटरकडचा, तोंडाकडचा. पण आम्ही काम करत होतो ड्रायव्हरच्या बाजूनं उभं राहून, तिथून रेडिएटर येतो उजव्या हाताला. उस्ताद उर्दू शिकलेले. त्यांची ओळ उजवीकडून सुरू होते, त्यांचा पहिला आपसूक उजवा. तो उजवा असतो हे सांगावं लागतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. आणि मी मराठी चौथी पास! खडू घेऊन ऐटीत डावीकडून एक, दोन, तीन, चार लिहून मोकळा झालो होतो. आधी, पेट्रोलच्या मोटारींवर, हे वेळ साधायचं काम उस्ताद स्वतः डोळ्यांनी करायचे. त्या वर्षी पहिल्यांदा ते माझ्याकडं आलं होतं.

पहिल्याची म्हणून मी चौथ्याची वेळ पंपाला दिली होती. पंप इमानानं डिझेल मारत होता, पण जेवून हात धुतलेल्याच्या ताटात वाढावं, तसं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं तर माझ्या शहाणपणापायी सहा बैल येऊन उभे होते.

उस्ताद माझ्या कानाशी आले. "जोड सोड. इंजिन एक फेरा पुरा फिरव, पंप तसाच ठेव, जोड बांध. अर्धा घंटा. मी शेठला बोलत ठेवतो."

आणि काय बोलत ठेवलं! दोर कच्चा आहे, गाठ सैल आहे, बैलांना आधी पाणी पाजा. मी इकडं घामानं भिजून पाना फिरवत होतो. मनातल्या मनात स्वतःला अशा शिव्या घालत होतो की कागदावर येणार नाहीत. शेवटचा नट आवळला आणि ओरडलो, "जाऊ द्या!"

बैलांनी ओढलं. लॉरी हलली, ड्रायव्हरनं गिअर टाकला, इंजिन एकदा अडखळलं आणि धडधडून उठलं. अगा बाबौ! सहाही बैल कान टाकून उधळले, दोर तुटला, सरकीच्या ढिगावर गाडीवान पडले आणि बघ्यांनी आरोळी ठोकली. तो आवाज! आजही डोळे मिटले की ऐकू येतो. मी भट्टीत घडवलेला लोखंडाचा तुकडा आत फिरत होता आणि त्याच्या जिवावर लॉरी आवारात गोल फिरत होती. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

शेठ हसले नाहीत. "मग इतका वेळ काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. "चूक कोणाची?"

"माझी," उस्ताद लगेच म्हणाले.

माझं टाळकं सरकलं. राग हा असा कधी कधी कामाला येतो. "खोटं बोलून राहिले ते," मी म्हणालो. "मोजण्यात मी चुकलो. उस्तादांनी तर नुसत्या आवाजावरून काढली चूक."

शेठ माझ्याकडं वळले. "तर उद्यापासून तू माझ्या लॉरीला हात लावायचा न्हाई. मिस्त्री एकटेच करतील."

मी मान खाली घातली. चूक माझीच होती. उस्तादांचं शेड राहिलं, नाव राहिलं, हे मला पुरे होतं.

तेव्हा उस्ताद पुढं आले. सारे बघत होते. गाडीवान, हमाल, मुनीम, झाडून सारे.

"शेठ," ते म्हणाले, "मला दिसत न्हाई. साल झालं. तुमचा चेहरा बी मला दिसून नाही राहिला. हा माझे डोळे हाय. डोळे घरी ठेवून मी कामाला कसा येऊ?"

 शेठनं एकदा उस्तादांकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे दोघं मिळून एक मिस्त्री?"

"हौ," उस्ताद म्हणाले. "पण पुरा एक."

शेठनी हमालांकडं हात केला, "बघता काय? गाठी भरा."

मी लॉरीच्या आडोशाला गेलो आणि रडलो. त्यात लाज कसली? जी गोष्ट लपवण्यासाठी तो माणूस वर्षभर भिंती चाचपत चालला होता, ती त्यानं माझ्या एका चुकीवरून ओवाळून टाकली होती.