दोन आण्यांचा सिनेमा

मोठेबाबांनी सिनेमाला बारा आणे दिले, तर आमच्या गल्लीतल्या बायकांनी तो पाहायचा. आठ दिले तर फक्त पुरुषांनी. त्याच्या खाली गेले तर कुणीच नाही. हा कायदा कुणी केला, कधी केला, मला ठाऊक नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो होता आणि सगळे तो मुकाट पाळत होते. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मेहकरला घराला लागूनच आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. दुकान दोघांचं, पण गादीवर मोठेबाबा बसणार आणि शिडीवर चढून पाट्यांचे गठ्ठे उतरवणार माझे बाबा. दर गुरुवारी मोठेबाबा सकाळच्या एसटीने माल आणायला खामगावला जात. दुपारी गठ्ठे बांधून झाले की तिथल्या टॉकीजला तीनचा खेळ पाहत, संध्याकाळच्या बसने परत येत आणि हातपाय धुऊन जेवायला बसत. त्या दिवशी सिनेमाबद्दल चकार शब्द काढत नसत. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, ओट्यावर.

शुक्रवारी सकाळी शेजारपाजारचे पाच-सहा जण चहाला यायचे. चहा आमचा. बायका आत, दाराच्या आड उभ्या. कुणाच्या हातात निवडायची ज्वारी, कुणाच्या कडेवर पोर. मग एकजण विचारायचा, "किती आने जी?" नवे पैसे येऊन चार-पाच वर्षं झाली होती, बाजारात लोक चुकतमाकत पैशांत बोलायला लागले होते, पण सिनेमा आमच्याकडे आण्यांतच मोजला जाई. मोठेबाबा बशीतला चहा संपवत, मिशी पुसत आणि आधी गोष्ट सांगत. पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाचगाण्याचे आठ आणे, देवादिकांचे चौदा. सोळा आणे त्यांनी कुणाला दिलेले मला आठवत नाहीत. सोळा आणे बहुधा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवले होते.

गोष्ट मात्र झकास सांगत, हे नाकारून चालणार नाही. नायिका जिन्यावरून कशी उतरते, खलनायकाचा कोट कोणत्या रंगाचा असावा (चित्रपट काळा-पांढरा, तरी कोट ते जांभळा सांगत), आगगाडी कशी सुटते. शेवट मात्र त्यांच्या सगळ्या सिनेमांचे सख्ख्या भावांसारखे एकमेकांवर गेलेले. ज्याने मोठ्यांचं ऐकलं नाही तो मरे, आणि बाई असेल तर आधी रडे, मग मरे.

मेहकरला तेव्हा तंबूतला सिनेमा येई. पिकं निघाली की मैदानात तंबू पडायचा, मधे कनात, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला माणसं. खामगावला लागलेला सिनेमा आमच्याकडे यायला वर्षही लागे. तोवर त्याचा निकाल गल्लीत पाठ झालेला असे. बारा आणे मिळवून पास झालेल्या सिनेमाला आम्ही सगळ्या सतरंजी घेऊन जायचो. कधीकधी तिथे शेवट निराळाच निघायचा. मोठेबाबांनी मारलेला माणूस पडद्यावर ठणठणीत जिवंत, लग्नाच्या मांडवात बसलेला. आम्ही घरी येऊन विचारलं की ते हसत. "तंबूवाल्यानं रीळ कापलं असंन. हे लोक असेच. मी पाह्यला तो पुरा व्हता." आणि आम्हाला ते पटायचं! तंबूवाला खरंच रिळं कापायचा, कधी उलटसुलट लावायचा, त्यामुळे खोटा तोच ठरायचा. त्या बिचाऱ्या तंबूवाल्याला आमच्या गल्लीने किती शिव्या दिल्या असतील.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, गावोगाव शाळा निघत होत्या आणि शिकवायला बाया मिळत नव्हत्या. सातवी पास झालेल्या बाईलाही प्राथमिक शाळेत घेत. माझी आई लग्नाआधी चौथी शिकलेली. आमच्या शाळेतल्या एक बाई घरी आल्या होत्या, त्यांनी आईला माझ्या पुस्तकातून मला गणित समजावताना पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सातवीला बाहेरून बसा. फॉर्म मी आणून देते."

आईने त्या फॉर्मसाठी काय काय केलं ते मी पाहिलं आहे. दुपारी सगळे लवंडले की ती माझी पुस्तकं घेऊन बसायची. पुढच्या वर्गाची शाळेतल्या बाईंनी दिली. भूमितीत ती माझ्या पुढे गेली, इतिहासात मात्र सनावळ्या चुकायची आणि स्वतःवरच चरफडायची. बाबांनी फॉर्मवर सही केली होती. फक्त म्हणाले, "भाऊच्या कानावर घालून ठेवतो." हे कानावर घातल्यावाचून त्यांचं काय अडलं होतं, कोण जाणे. शिडीवर चढायचं तरी भाऊला विचारून चढणारा माणूस तो.

मोठेबाबा नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. पुढच्या गुरुवारी खामगावला गेले आणि शुक्रवारी सकाळी ओट्यावर त्यांनी एका सिनेमाची गोष्ट सांगितली.

एका गावातली लग्न झालेली बाई. तिला शिकायची हौस. नवरा साधा, सासू करडी, एक लहान मुलगी. बाई लपूनछपून अभ्यास करते, परीक्षेला बसते. नेमकी परीक्षेच्या दिवशी मुलगी तापाने फणफणते. बाई मुलीच्या कपाळावर हात ठेवते, दाराकडे पाहते आणि निघते. मुलगी मागून हाक मारते, तरी ती मागे वळत नाही. मोठेबाबा इथे थांबले. चहा पिऊन झाला होता तरी त्यांनी बशी ओठाला लावली.

"मंग?" कुणीतरी विचारलं.

"मंग काय! तिकडं हे पेपर लिहून राह्यली, इकडं पोरगी गेली. निरोप्या आला तवा हिच्या हातातली लेखनी सुटली. जल्मभर मंग रडत बसली." मग दाराकडे न पाहता, पण दारापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "दोन आने. ते बी कायले द्याचे? पर ज्याले समजाचं त्यानं समजून घ्यावं."

मी दाराआड आईच्या शेजारी उभी होते. तिने माझा हात धरला होता, तो तिने इतका दाबला की मला ओरडावंसं वाटलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मला ताप आला. काही विशेष नाही, थंडीच्या दिवसांत पोरांना येतो तसला. तीन दिवसांत उतरलाही. पण तिसऱ्या दिवशी मी अंथरुणातून उठून स्वैपाकघरात आले तेव्हा फॉर्म तुरीच्या डाळीच्या डब्याखाली अंथरलेला होता. दुमडून, लिहिलेली बाजू खाली करून. मी तो ओढायला गेले तर तिने माझा हात झटकला.

"काऊन वो आई? तारीख जाईन ना!"

"जाऊ दे. तुह्यापेक्षा नोकरी मोठी हाये का?"

मी खूप भांडले. सातवीचं पुस्तक भिंतीवर आपटलं. म्हटलं, सिनेमातलं खरं असतं का? ती म्हणाली, "कुठंतरी झालं असंन म्हनून तं दाखवतात." शाळेतल्या बाई दोनदा येऊन गेल्या. आई आतून बाहेर आली नाही. तारीख गेली. पुस्तकं परत गेली. मोठेबाबांनी त्या विषयावर पुन्हा एक अक्षर काढलं नाही, त्यांना गरजच नव्हती.

पुढे मी मॅट्रिक झाले आणि खामगावला शिकायला राहिले. त्याचं श्रेय सगळं आईला. माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की ती पदर सावरून सरळ ओट्याच्या दारात जाऊन उभी राहायची, भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, आणि लोक अवघडून उठून जायचे. स्वतःसाठी मात्र कधी गेली नाही.

खामगावच्या त्या टॉकीजला जुने सिनेमे पुन्हा लावत. एका गुरुवारी आम्ही वसतिगृहातल्या मुली तीनच्या खेळाला गेलो. नाव मला ओळखीचं नव्हतं, मोठेबाबा नावं सांगत नसत. पहिल्या अर्ध्या तासात सासू करडी निघाली, नवरा साधा निघाला आणि ओट्यावरची ती गोष्ट मला ओळखू आली. मुलीला ताप आला. आईने कपाळावर हात ठेवला. दाराकडे पाहिलं. मुलीने हाक मारली आणि आई उंबऱ्याबाहेर पडली.

आणि दिवे लागले. मध्यंतर.

माझ्या मैत्रिणी शेंगदाणे घ्यायला उठल्या. मी खुर्चीला चिकटून बसले. पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं आणि ते बघायची माझी तयारी नव्हती. पण पुढे तसं काही झालंच नाही. सासू, ती करडी सासू, नातीला पाठीशी बांधून डॉक्टरकडे गेली. मुलगी बरी झाली. आई पास झाली. शेवटी त्या गावातल्या नव्या शाळेत ती हजेरी घेते, पहिल्या ओळीत तिची मुलगी बसलेली, आणि मुलगी "आई" म्हणण्याऐवजी "हजर बाई" म्हणते तेव्हा अख्खी टॉकीज हसली. मी रडत होते. मैत्रिणींना वाटलं, सिनेमा मला फारच आवडला.

बाहेर आल्यावर मी तशीच स्टँडवर गेले. मेहकरच्या बसची वेळ पाटीवर लिहिली होती. पाच. त्यानंतर सकाळपर्यंत बस नाही. मध्यंतर साडेचारला होतं आणि टॉकीजपासून स्टँड पाव तासावर. ही बस मला नवी नव्हती, दर महिन्याला मी तिनेच घरी जायचे. मोठेबाबा तिनेच येत, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तीनचा खेळ सहाला सुटतो तेही माहीत होतं. दुसरीतल्या पोराला जमेल असं गणित, पण इतक्या वर्षांत ते कुणी मांडलं नाही. मीही नाही. पाटीसमोर उभं राहून मला मोठेबाबांइतकाच स्वतःचाही संताप आला.

शनिवारी घरी गेले. मोठेबाबा ओट्यावर सुपारी कातरत होते, बाबा खाली दुकानाची पाटी पुसत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "मोठेबाबा, त्या शिकनाऱ्या बाईच्या पिच्चरचा शेवट तुमी पाह्यला व्हता का?"

"कोनता पिच्चर?"

त्यांना आठवत नव्हता! मी सगळी गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ आठवत राहिले आणि मग, मी देवाशपथ सांगते, हसले.

"अवं, शेवट पाहात बसलो असतो तं बस सुटली नसती का? अर्ध्यात समजून जाते सारं. शितावरून भाताची परीक्षा."

"भात शिजला नव्हता जी! चुलीवर आधन ठेवलं का तुमी उठून जात व्हता!"

"मोठ्या मानसाईशी असं बोलतेत का?" बाबा म्हणाले. पाटी पुसायचं फडकं हातात तसंच. मी त्यांनाही सोडलं नाही. तुम्ही फॉर्मवर सही केली होती, तुम्हाला बसची वेळ माहीत होती, म्हटलं. मोठेबाबा पुन्हा सुपारी कातरू लागले आणि म्हणाले की खामगावचं पाणी पोरींना मानवत नाही. त्या माणसाला खरोखर काही वाटलं नाही. दुष्टावा केला असता तर निदान भांडायला समोर कुणी असतं. इथे नुसती बस गाठायची घाई होती.

मी तणतणत आत गेले. आई भाकरी थापत होती. तिच्याजवळ बसून मी सगळं एका दमात सांगून टाकलं. मध्यंतर, बस, सासू, डॉक्टर, शाळा, सगळं. मला वाटलं, ती परात आपटेल. आज तरी चिडेल. मला तिचं चिडणं बघायचं होतं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग विचारलं, "मंग पोरगी वाचली?"

"वाचली."

"आन् ते मास्तरीन झाली?"

"झाली."

भाकरी करपायला लागली तरी तिने ती उतरवली नाही. पिठाचे हात मांडीवर ठेवून ती चुलीकडे बघत होती.

"मी तं इतके वर्ष समजत व्हती," ती म्हणाली, "का तुले म्या वाचवलं."

मोठेबाबांवर मी इतकी चिडले होते, की हे तिला सांगावं की नाही, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता.