काझ ओल्शेव्स्कीची मधली जागा

अमेरिकेतल्या लॅकवॅना गावात तिथल्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचे सहा संघ आहेत आणि सहाही एकेका बारच्या नावाने खेळतात. गेल्या मोसमात काझ ओल्शेव्स्कीच्या संघाने आठ सामने खेळून आठही गमावले. इतकं सातत्य इतर कुठल्याही संघाला जमलं नव्हतं.

काझ पाणी खात्यात फिटर. वय बावन्न. तो संघाचा कप्तान होता आणि एकोणीस वर्षं बचावाच्या पुढच्या फळीत मधोमध उभा राहत होता. तिघांची फळी. डावीकडे त्याचा मेहुणा नॉर्ब, उजवीकडे युजीन, मध्ये काझ. चेंडू घेऊन धावणाऱ्याला या तिघांनी अडवायचं, अशी मूळ कल्पना.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, शेवटच्या शुक्रवारी, चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं आणि त्यानंतर ड्राफ्ट. संघ नसलेले खेळाडू भिंतीशी उभे राहतात, कप्तान पाळीपाळीने एकेकाला निवडतात. तळाच्या संघाला पहिली पाळी. तिथे काझला बरीच वर्षं कोणी मागे टाकलं नव्हतं. नियम एवढाच की कप्तानाने आपल्या संघाला काय हवंय ते आधी कागदावर लिहून आणायचं आणि उभं राहून वाचायचं.

काझने कागद मन लावून लिहिला. नॉर्ब : चेंडू सुटल्यावर विचार करतो. युजीन : धंद्याने अंत्यविधी करणारा, त्यामुळे समोरचा पडला की हात देऊन उठवतो. मधली जागा : भक्कम. गरज : नॉर्बच्या जागी माणूस.

रविवारी प्रार्थनेनंतर नॉर्ब बहिणीकडे, म्हणजे काझच्याच घरी, जेवायला आला, तेव्हा कागद टेबलावरच होता.

"म्हणजे भोक माझ्या बाजूला आहे?" नॉर्ब म्हणाला. "सगळे मधून पळतात, काझ. मधून. यंदा तो ब्रेडच्या गोदामातला अनीस आलाय. तीनशे पौंडांचा पोरगा. मधल्या जागेसाठीच जन्मलाय तो."

"मधली जागा रिकामी नाही."

"ते खरं. तू तिथेच पडलेला असतोस."

काझने वाद घातला नाही. पुरावा तळघरात होता. त्याची बायको बर्निस एकोणीस वर्षं प्रत्येक सामन्याला घडीची खुर्ची आणि कॅमेरा घेऊन जात आली होती. गेल्या मोसमाचे आठही सामने लावू या, म्हणजे नॉर्बला स्वतःचा पराक्रम दिसेल, असं काझने जाहीर केलं.

पहिला सामना लागला. पडद्यावर काझ होता. काझ वाकला, चेंडू सुटला, काझ आडवा झाला. पुन्हा काझ, पुन्हा आडवा. नॉर्ब कुठेच नव्हता. एकदा कोणाचा तरी कोपर आला, तो युजीनचा निघाला. धावणारे मात्र नीट दिसत होते, कारण ते सगळे काझवरूनच जात होते. चौथ्या सामन्यात एकाने तर काझच्या पाठीवर पाय ठेवून उडी मारली. पाय ठेवण्यापूर्वी जागा बघून घेतली, तेही दिसलं.

"यात बाकीचे कुठायत?" काझने विचारलं.

"मी तुला बघायला येते," बर्निस विणकामातून मान वर न करता म्हणाली. "नॉर्बला बघायचं असेल तर त्याच्या बायकोने यावं."

"मागच्या वर्षी गुडघा दुखत होता माझा."

"त्याच्या आधीच्या वर्षीचं लावू?" नॉर्बने अत्यंत अदबीने विचारलं.

आधीच्या वर्षी गुडघा बरा होता. पडण्यात फरक नव्हता. काझने पडदा बंद केला आणि बटाट्याच्या पिरोग्या, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, ताटात वाढून घेतल्या. नॉर्बने त्या दिवशी पुढे छेडलं नाही, हे नॉर्बच्या स्वभावाच्या मानाने फारच झालं. जाताना फक्त म्हणाला, "तुझा एकाहत्तर नंबरचा शर्ट दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. फाटलाय तो."

शुक्रवारी हॉल भरला. अनीस भिंतीशी उभा होता, म्हणजे भिंत दिसत नव्हती. काझ उठला. दरवर्षीप्रमाणे तो चेंडूला लाथ मारणारा एखादा काटकुळा मागणार, म्हणून दुसऱ्या पाळीच्या कप्तानाने अनीसच्या नावावर आधीच बोट ठेवलं होतं.

काझने कागद उघडला. "भक्कम"वर काट मारली होती. तो आधी पाणी प्यायला.

"गरज," त्याने वाचलं, "मधल्या जागेवर माणूस. अनीस मुफ्लाही."

मागून कोणीतरी विचारलं, "आणि तू रे?"

"मी शिकवणार."

"काय, पडायला?"

सगळा हॉल हसला. काझ बसला. समोरचा मासा पार गार झाला होता, तरी त्याने तो चवीने खाल्ला. युजीनने टेबलाखालून त्याचा हात दाबला. धंद्याची सवय.

जूनमधला पहिला सामना संघाने तेरा-सहाने जिंकला. मधून एकही धावणारा गेला नाही, असं सगळे सांगत होते. रविवारी चित्रण बघायला अनीसही आला, आईने दिलेला मधाचा केक घेऊन.

पडद्यावर काझ होता. मैदानाच्या कडेला, हातात कागद. काझ सँडविच खातोय. काझ सँडविचचा कागद घडी करून खिशात ठेवतोय. मध्येच लोकांचा गलका झाला आणि काझचे दोन्ही हात वर गेले, त्यावरून आपले गुण झाले हे कळलं.

अर्धा तास अनीसने वाट पाहिली. मग हळूच विचारलं, "कोच, मी कुठाय?"

काझने बर्निसकडे बघितलं. तिने टाके मोजून संपवले.

"बाळा," ती म्हणाली, "तुझ्या आईला कॅमेरा घेऊन यायला सांग. माझ्याकडे खुर्ची जास्तीची आहे."