तटस्थांची जागा

गोवरात अश्विन तायडेचे डोळे गेले तेव्हा तो नुकता बोलायला लागला होता. पुढं सगळं जग त्याला आईबापांच्या तोंडून कळलं, आणि ते कधी एकसारखं कळलं नाही. एसटीत त्याला खिडकीशी बसवून वडील, देवराव, सांगत, "आभाळ मस्त भरून आलं, बाप्पा." आई, केशरबाई, लगेच तोडून टाकी, "काहाचं भरलं? येक ढग हाय टोपल्याएवढा." मग अश्विन मागच्या सीटवरच्या माणसाला विचारी. तो तिसरंच काही सांगे.

याच नादात त्यानं अमरावतीला तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आणि अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवू लागला. वस्तुनिष्ठतेचा धडा आला, की तो विचारायचा, "कुठंही उभं न राहता जग कोणी पाहिलंय का?"

गेल्या वर्षी तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून तो आणि विभागप्रमुख ललित सर बसले होते. प्रणाली नावाच्या विद्यार्थिनीनं एका प्रश्नावर वाद घातला. ललित सर भडकले. "तुमच्यासारख्यांना तत्त्वज्ञान कशाला हवं? नर्सिंग करा, पोट भरा," म्हणाले आणि तिला नापास केलं.

प्रणालीनं तक्रार केली. ललित सरांनी कानांवर हात ठेवले. दाराशी पोरांची गर्दी होती, तिच्यातलं कोणी बोललं असेल, म्हणाले. अश्विननं चौकशी समितीपुढं ऐकलं ते सांगितलं.

अध्यक्ष मॅडम सौम्यपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही प्रत्यक्षदर्शी नाही. तुमचं म्हणणं व्यक्तिनिष्ठ ठरतं. समिती तटस्थ आहे, आम्हाला वस्तुनिष्ठ पुरावा लागतो."

अश्विनची वर्गातली शुद्ध भाषा तिथंच सुटली. "मॅडम, तट म्हंजे काठ. काठावरचा मानूसबी कुठंतरी उभाच असते ना? तुमाले तुमची जागा दिसत नाही, येवढंच. मी इतके वर्स ललित सरायच्या शेजारच्या टेबलापाशी बसून राहिलो. यायचा खोकला वळखतो, आवाज नाही वळखनार?"

"तुमची चूक होऊ शकते."

"होऊ शकते. मंग तपासा मले! मांगं पाच जन उभे करा, बोलू द्या. चुकलो तं लिवून देतो. पन तपासायच्या आंधीच काहून खोडता? डोळेवाल्याले असं म्हनता काय?"

"ही समिती आहे, सर्कस नाही."

कोणीतरी हलकंच हसलं. अश्विननं मान वळवली. "कोन हसलं ते सांगू काय?"



जबाब सहीला आला तेव्हा त्यानं तो कारकुनाकडून वाचून घेतला; त्याच्या वाक्याआधी 'बहुधा' घातलं होतं. ते काढेपर्यंत त्यानं सही केली नाही. तरीही अहवालात आलं ते 'पुरावा अपुरा' असंच. मग त्यानं ललित सरांसोबत परीक्षक म्हणून बसायला नकार दिला, आणि का ते भर स्टाफरूममध्ये सांगितलं. प्राचार्यांनी बोलावून समजावलं, "कशाला ताणता? पदोन्नती अडेल."

"अडू द्या."

बोभाटा वाढला तेव्हा कॉलेजनं बाहेरचे परीक्षक बोलावून प्रणालीची फेरपरीक्षा घेतली. त्यांच्याशीही ती वाद घालून आली, आणि पास झाली.

अश्विनची पदोन्नती खरंच अडली. त्यानं विद्यापीठाकडे दाद मागितली आहे. सुनावणीला अमरावतीला जाईन तेव्हा बहुधा-कदाचित करत बोलणार नाही, असं त्यानं प्राचार्यांना आधीच सांगून ठेवलंय.